न उतरलेला निळा

चित्रांना चौकटी करून देणं हा माझा धंदा. चित्रं मला कळत नाहीत, आणि हे मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतो. मला लाकूड कळतं, काच कळते, दमट हवेनं कागद कुठून फुगणार ते कळतं. चाळीस वर्षांत माझ्या चौकटीतल्या एकाही चित्राचा रंग उडालेला नाही की कागदाला बुरशी धरलेली नाही. याला कुणी गर्व म्हणत असेल तर म्हणो बापडा.

माझी थोरली बहीण मात्र चित्रं घेते. चित्रं असं आपलं म्हणायचं. ताईच्या दोन खोल्यांच्या घरात भिंतीवर एक जळकं फळकूट आहे, एका पेटीत झिजून बोटभर उरलेल्या चारशे पेन्सिली आहेत आणि दाराशी एक लोखंडी खुर्ची आहे, जिच्यावर बसायचं नाही. माझी बायको एकदा चुकून बसली. तेव्हापासून ती म्हणते, "वन्संकडे जायचं तर आधी विचारून घ्यावं, बसायचं कशावर आणि बघायचं कशाकडे."

ताईनं चौतीस वर्षं कापडाच्या कारखान्यात रंगखात्यात काढली. तिचं काम रंग जुळवण्याचं. गिऱ्हाइकानं पाठवलेला नमुना आणि रंगवून आलेला तागा खिडकीशी शेजारी शेजारी धरायचा आणि सांगायचं, जुळला की नाही. पुढे यंत्रं आली, पण शेवटचा शब्द ताईचाच राहिला. यंत्र हो म्हणायचं, ताई नाही म्हणायची, आणि तागा मुकाट परत जायचा. घरातही तेच. भिंतीला कुठला रंग, चहात दूध किती, कुणाचा चेहरा आज का उतरलाय, सगळ्यात निकाल तिचा. तिच्या डोळ्याशी वाद घालायची आमच्यात कुणाची छाती नव्हती.

लग्न तिनं केलं नाही, दागिने केले नाहीत. पगारातून उरेल त्यात ती हे असलं काहीतरी घ्यायची, आणि तेही फक्त जिवंत माणसांचं. "मेलेल्यांना काही विचारता येत नाही," म्हणायची. घेण्याआधी एकच वस्तू तीनदा बघून यायची. पहिल्यांदा जे आवडतं ते नुसतं डोळ्याला, दुसऱ्यांदा त्यातली लबाडी दिसते, तिसऱ्यांदा काही उरलं तरच घ्यायचं, असा तिचा हिशेब.

"आणि तिसऱ्यांदाही कळलं नाही तर?" मी एकदा विचारलं.

"मग तर घ्यायलाच हवं. कळलेलं घरी आणून काय करू? ते तिथेच सोडून येता येतं."

यावर मी कपाळाला हात लावला, पण तिच्या देखत असं कधी करता येत नाही, म्हणून घरी येऊन लावला.

साडेतीन वर्षांपूर्वी तिनं एक निळा कागद आणला. उशीएवढा, आणि सगळा निळा. त्यात माणूस नाही, झाड नाही, साधी रेघ नाही. एका तरुण चित्रकार मुलीनं फुलांच्या पाकळ्यांच्या रसात चाळीस वेळा बुडवून, चाळीस वेळा वाळवून तो केला होता. निळा मात्र असा, की माझ्यासारख्या दगडालाही दोन घटका हातातून खाली ठेववेना.

"साधी काच लाव," ताई म्हणाली.

मला वाटलं, पैसे वाचवतेय. आता निवृत्त झाली, हात आखडता घेणारच. म्हणून मी तिला न सांगता भारीतली काच लावली, उन्हातला रंग खाणारा भाग अडवते ती. पदरचे घालून लावली. बहिणीच्या निळ्याला माझ्या चौकटीत काही होता कामा नये, एवढंच डोक्यात होतं.

टांगायला गेलो तर बाईसाहेबांनी खिळ्याची जागा दाखवली ती बरोबर खिडकीसमोर. मी ओरडलोच. "अगं, उन्हात? वर्षात पांढरा होईल!"

"व्हायलाच हवा. त्यासाठीच घेतलाय." मग तिनं मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. असे पाच कागद एकदम केलेत, पाच घरी गेलेत. प्रत्येक घरचा उजेड वेगळा, तेव्हा प्रत्येक जण वेगळा उतरणार. ते उतरणं हेच त्या मुलीचं काम, कागद नुसता निमित्ताला.

"म्हणजे तू जाणारी वस्तू विकत घेतलीस?"

"सगळे जाणाऱ्याच वस्तू घेतात, चौकटराव. मी माहीत असून घेतली."

चौकटराव हे तिनं मला दिलेलं नाव. चिडवायचं असलं की हेच.

तेव्हाच सांगायला हवं होतं, की बाई, मी भलतीच काच लावून बसलोय. नाही सांगितलं. एवढ्या कौतुकानं ती त्या खिळ्याकडे बघत होती आणि मी तिचं काम पहिल्याच दिवशी बिघडवून ठेवलं होतं. पुढल्या आठवड्यात काहीतरी निमित्त काढून चौकट नेईन आणि काच बदलीन, असं मनाशी ठरवलं. तो पुढला आठवडा काही आला नाही.

कारण भलतंच घडलं. रंग उतरायला लागला.

ताईनं एक वही केली होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी खुर्ची ओढून, म्हणजे बसायची खुर्ची, ती त्या निळ्यापुढे बसायची आणि काय दिसतंय ते लिहायची. पाचव्या का सहाव्या महिन्यात तिनं मला वाचून दाखवलं: "वरच्या डाव्या कोपऱ्यात पाणी घातल्यासारखा झालाय."

मी निघालो तो थेट काचवाल्याकडे. त्याला उभा आडवा झापला. भारीतली म्हणून साधी काच गळ्यात मारलीस, एवढी वर्षं तुझ्याकडून माल घेतो, लाज नाही वाटत? तो बिचारा शपथा घ्यायला लागला. मला आतून मात्र बरं वाटत होतं. काच खोटी निघाली, पाप परस्पर फिटलं. आता तोंड उघडायची गरजच उरली नव्हती.

आणि माझे स्वतःचे डोळे? ते काय गोट्या खेळायला गेले होते? मी महिन्यातून एकदोनदा तिच्याकडे जायचो, समोर बसायचो, आणि मला तो निळाच दिसायचा. पहिल्या दिवशी होता तसाच्या तसा. पण ताई म्हणायची उतरला. जिनं चौतीस वर्षं यंत्रांना खोटं पाडलं ती उतरला म्हणतेय, आणि मी, ज्याला सगळे निळे एकच वाटतात, मी कोण? मी मान डोलावायचो. "हो, थोडा उतरलाय खरा." हे वाक्य मी तीन वर्षं बोललो.

परवाच्या उन्हाळ्यात ती चित्रकार मुलगी माझ्या दुकानात आली. पाचही कागद एकत्र मांडून ती प्रदर्शन करणार होती. ताईचा कागद पाठवण्याआधी मागची पाठ तपासून दे, म्हणून ताईनं चौकट आदल्या दिवशीच माझ्याकडे दिली होती. मुलीनं स्वतःकडचा एक कागद जोडीला आणला होता, तिच्या घरात साध्या काचेत तीन वर्षं टांगलेला. तो जवळजवळ पांढरा होता, धुऊन धुऊन विटलेल्या पलंगपोसासारखा.

"मावशींचा याहून पुढे गेला असेल," ती उत्साहानं म्हणाली. "त्यांच्या वहीचे फोटो आहेत माझ्याकडे. काका, असं बघणारं माणूस आम्हाला मिळत नाही. लोक घेतात आणि टांगून विसरतात. ती वही मला कागदाच्या शेजारी मांडायचीये."

मी ताईची चौकट पालथी केली, खिळे काढले, पाठ उचलली आणि कागद टेबलावर सुलटा ठेवला. चित्राभोवती आम्ही जाड कागदाची पट्टी बसवतो. तिच्याखाली झाकलेल्या कडेला उजेड लागत नाही. रंग किती उडाला हे बघायचं तर ती झाकली कड आणि मधला उघडा भाग यांत फरक किती ते बघायचं. आमच्या धंद्यात यापरता दुसरा साक्षीदार नाही.

फरक होता, नाही असं नाही. पण बोट ठेवून दाखवल्याशिवाय कळणार नाही इतकाच.

मुलगी कागदावर वाकली. मग तिनं काच उचलली, उजेडात तिरकी धरली आणि माझ्याकडे बघितलं. "काका, ही कसली काच आहे?"

सांगितलं. ती चिडली, आणि बरोबर चिडली. "तुम्ही माझं काम तीन वर्षं थांबवून ठेवलंत! कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"माझं काम चित्र टिकवणं आहे," मीही आवाज चढवला. चुकलेल्या माणसाचा आवाज आधी चढतो. "न टिकणारं करायचं तर चौकट कशाला घालता? दोरीवर वाळत टाका!"

तिनं पुन्हा कागदाकडे बघितलं. खिशातून फोन काढला आणि त्यातले वहीचे फोटो एकेक पुढे सरकवत हळू आवाजात वाचायला लागली. "डाव्या बाजूने धुकं आल्यासारखं." पुढचा फोटो. "निळा आता राखेकडे झुकतोय." पुढचा. "खालची बाजू जवळजवळ गेली." तिनं मान वर केली.

"मग मावशींनी हे काय बघितलं, काका?"

मला त्या क्षणी जे वाटलं ते भय होतं, दुसरा शब्द नाही. तीन वर्षं मी माझ्या डोळ्यांवर अविश्वास दाखवला, काचवाल्यावर दाखवला, पण ताईच्या डोळ्यांना काही झालं असेल हे माझ्या मनाला शिवलं नाही. आणि काच सांगून मोकळा झालो असतो तर पहिल्याच वर्षी कळलं असतं, की जे उतरायला नको ते तिला उतरताना दिसतंय.

कागद घेऊन ताईकडे निघालो, तर वाटेत मनात पळवाट आली. काचेचं कशाला बोला? नुसतं म्हणावं, ताई, वय झालं, एकदा डोळे दाखवून घे. पण ती ऐकणारी नव्हती. बायकोनं पूर्वी एकदा सुचवलं होतं, तेव्हा म्हणाली होती, "जगाचे रंग मी तपासले, आता माझे डोळे कोण तपासणार?" तिला हलवायचं तर पुरावाच लागणार होता, आणि तो पुरावा म्हणजे माझी लबाडी.

ताई खिडकीत पेपर वाचत होती. मी कागद तिच्या टेबलावर उलगडला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. काच, पदरचे पैसे, काचवाला, मान डोलावणं, सगळं.

तिला आधी काचेचाच राग आला. "तीन वर्षं? मी तुला साधी म्हटलं होतं ना? माझं ऐकायला तुझं काय जात होतं? सगळ्या घरात शहाणा तू एकटा!"

"ताई, रंग उतरलेला नाही."

"मी बघितलाय उतरताना."

"नाही उतरलेला."

"माझ्या डोळ्यांनी बघितलाय, दर महिन्याला..." आणि ती थांबली. चौतीस वर्षं चुका पकडण्यात गेलेली बाई. तिला पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती.

"खिडकीशी धर," ती म्हणाली. आवाज एकदम कारखान्यातला झाला. "वाकडा नको. उजेड खांद्यावरून येऊ दे."

मी कागद धरला. तिनं उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि डाव्यानं बघितलं. मग हात बदलला. पुन्हा बदलला. असं तिनं पाच-सहा वेळा केलं. मला तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं आणि दुसरीकडे बघायची हिंमतही नव्हती.

"उजव्यानं निळा आहे," ती म्हणाली. "थोडा मळका, पण निळा. डाव्यानं राख. तीही मधल्या मधे. बाजूला काहीच नाही." मग खाली बसली, ती नेमकी त्या न बसायच्या खुर्चीवर, आणि उठली नाही. "दोन्ही उघडे ठेवूनच लिहीत होते रे मी. एकेक डोळा झाकून बघायचं सुचलंच नाही. नव्या पोरींना पहिल्या दिवशी मीच हे शिकवायचे."

मी कागद तसाच धरून उभा होतो. मला रडू येत होतं आणि हात सोडता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं, यंत्रापुढे बसवलं, पुन्हा तपासलं. डोळ्यातला दाब वाढलाय, मागची नस वाळत गेलीये, म्हणाले. डाव्याचं गेलं ते गेलं, परत येणार नाही. उजव्याचं थोडं गेलंय, पण रोज थेंब टाकले तर उरलेलं राखता येईल. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर, असं म्हणून ते थांबले.

बाहेर बाकावर मी ताईला म्हणालो, "माझ्यामुळे झालं हे."

ती बाकावर माझ्याकडे वळून बसली. मग म्हणाली, "नीट विचार कर. तू साधी काच लावली असतीस, तर कागद खरंच उतरला असता. मी उतरला म्हणून लिहिलं असतं, तू मान डोलावली असतीस, ती पोरगी खूश झाली असती, आणि दोन्ही डोळे जाईपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. हा उजवा तुझ्या काचेनं वाचवला."

मला वाटलं, सुटलो. पण ताईचा निकाल अजून पुरा व्हायचा होता.

"काच माफ," ती म्हणाली. "निळा दिसत असून उतरला म्हणालास, ते माफ नाही. डावा त्यात गेला."

असं बोलणं एखादा चिडून बोलला, तर सोसता येतं. ती चिडलेली नव्हती. मी खाली मान घालून तिच्या थेंबांची चिठ्ठी नीट घडी करून खिशात ठेवली.

प्रदर्शनात पाच कागद लागले, चार पांढरट आणि एक निळाशार. वही मांडायला ताईनं हो म्हटलं, पण शेजारचा मजकूर स्वतः लिहून दिला: "या वहीतलं सगळं खरं आहे, फक्त ते चित्राबद्दल नाही." लोक तिथे खूप वेळ थांबत होते. मीही एका बाजूला उभा राहून त्यांच्याकडे बघत होतो. एका माणसानं तर तिथल्या तिथे एक डोळा झाकून बघितलं. त्याचं बघून त्याच्या बायकोनंही. त्या मुलीला जे म्हणायचं होतं ते हेच का, मला माहीत नाही. पण या असल्या चित्राला कुणी वस्तू का म्हणत नाही आणि काम का म्हणतात, हे मला त्या दिवशी थोडंसं उमगलं.

कागद परत आल्यावर ताईनं माझ्याकडून साधी काच लावून घेतली. लावताना स्वतः उभी राहिली, आणि काचेवर बोट फिरवून खात्री केली. मग म्हणाली, "आता दर महिन्याला तूही बघायचं."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं नाही. बघायचं." कारखान्यात कठीण रंग आला की दोघी जणी तो वेगवेगळा बघायच्या. एकमेकींना न विचारता दोघी आपापल्या चिठ्ठीवर लिहायच्या आणि मगच चिठ्ठ्या उघडायच्या. आता आमचंही तसंच. तिनं रंगखात्यातलं जुनं शेडकार्ड काढलंय, निळ्याच्या बारीक बारीक फरकाच्या छत्तीस पट्ट्या, प्रत्येकीला आकडा. मी कार्ड घेऊन तासभर बसतो, घाम फुटतो, आकडा लिहितो. मग ती बसते. डाव्या डोळ्यावर हात ठेवते आणि उजव्यानं बघते.

दोघांचा आकडा जुळला तर उतरतोय तो कागद. तिचा माझ्याहून फिका निघाला तर उतरतोय तो तिचा डोळा. हे आम्ही दोघांनी एकमेकांना कधी बोलून दाखवलेलं नाही. पहिले दोन महिने जुळलं. तिसऱ्या महिन्यात तिचा आकडा माझ्याहून एकानं फिका निघाला आणि मी घरी जाऊन जेवलो नाही. पुढल्या वेळी कळलं, मी ढगाळ सकाळी चष्मा न पुसता बसलो होतो.

या रविवारी मी बसलो आणि मला स्पष्ट दिसलं, की निळा गेल्या वेळेपेक्षा दोन पट्ट्या खाली आलाय. दोन. पहिल्यांदाच एवढा. मनात आलं, एकच पट्टी उतरला असं लिहावं. तिला जर एवढा फरक दिसला नसेल, तर निदान तिच्या चिठ्ठीजवळ तरी राहू. चौकट करणाऱ्याचा हात, सांधा झाकायची सवय. मग जे दिसत होतं तेच लिहिलं, एकोणीस, आणि चिठ्ठी घडी करून टेबलावर ठेवली.

ताई बसली. आज तिनं फार वेळ घेतला. कार्ड डोळ्याजवळ नेलं, लांब धरलं, खिडकीचा पडदा पुरता सारला. लिहिलं. माझी चिठ्ठी उघडली, वाचली, आणि चेहऱ्यावरची रेघही न हलवता स्वतःची माझ्यापुढे सरकवली.

एकोणीस.

"दोन पट्ट्या उतरला की रे," ताई म्हणाली, आणि मी तिला इतक्या आनंदात कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं.